दिवाळी ते पाडवा

दहावीनंतर आमची तुकडी पांगली. कुणी औरंगाबादला, कुणी वाळूज-चाकणच्या कंपन्यांत, कुणी पोलिसांत. तो तेवढा मागे राहिला. डी.एड. करून १९९० साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला आणि बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या चार-पाच गावांतच त्याची सगळी नोकरी झाली. निवृत्ती तोंडावर आलेली असताना गेल्या महिन्यात हृदयविकाराने तो गेला. दशक्रियेला जमलेल्यांत आम्ही वर्गमित्र मोजकेच. बाकी सगळे त्याचे विद्यार्थी.

बालाघाटाच्या त्या पट्ट्यात शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पण दिवाळीच्या आगेमागे दुभंगतं. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात, त्या पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्या मागे बारकं सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण जाते आणि तिच्याबरोबर पटावरचं एक नाव जातं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की निम्मा वर्ग रिकामा.

तो स्वतः पाचवीपर्यंत फडावर जायचा. परत आला की आमचे गुरुजी त्याला माझ्या शेजारी बसवत आणि माझ्या वह्या त्याच्यापुढे टाकत. पुढे शिक्षक झाल्यावर त्याने हेच केलं: फडावरून आलेलं पोर गावात राहिलेल्या पोराच्या शेजारी, दोघांत एक वही, आणि जून उजाडेपर्यंत रोज तासभर जादा. गैरहजर पोराचं नाव पटावरून कमी करायला मात्र तो कधी तयार होत नसे. त्यावरून केंद्रप्रमुखांशी खटके उडायचे.

१९९५ नंतर ८० टक्के हजेरी असेल त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. योजना चांगलीच होती, पण ज्या घराला तांदळाची सर्वांत जास्त गरज, त्याच घरचं पोर हजेरीत बसत नव्हतं. यावर तो तावातावाने बोलायचा. पुढे शाळेत खिचडी शिजू लागली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हंगामी वसतिगृहं आली. आईबाप फडावर, पोर गावात आजीजवळ, जेवणाची सोय सरकारी. मग दसऱ्याआधी त्याची फेरी सुरू व्हायची. कोणत्या घरातून कोण जाणार, मागे म्हातारं माणूस कोण राहतंय, याची यादी त्याच्या खिशात असे. "गुर्जी, उचल घेऊन बसलोय, बारकीला कोण बघंल?" हा सवाल त्याने किती उंबऱ्यांवर ऐकला असेल! बारकीला अंगणवाडीत घालू, म्हातारीशी मी बोलतो, असं म्हणत तो तिथेच बसकण मारायचा. काही घरं ऐकत, बरीच ऐकत नसत. जी पोरं जातच, त्यांच्या हाती तो कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे चिठ्ठी द्यायचा. शिक्षण हमी कार्ड वगैरे नंतर आलं.

मला विचाराल तर त्याची खरी करामत गणितात होती. आईबापाने दिवसाला दोन टन ऊस तोडला, टनाला दर अमुक, मुकादमाचं कमिशन तमुक, पावसाने इतके खाडे, मग उचल फिटली की अंगावर राहिली? चौथीतली पोरं फळ्यावर हा हिशेब मांडायची आणि घरी जाऊन बापाला विचारायची. एका मुकादमाने ग्रामसभेत तक्रार केली की गुरुजी पोरांना नको ते शिकवतात. त्रैराशिक अभ्यासक्रमात आहे की नाही एवढंच सांगा, असं म्हणून हा खाली बसला. सर्जनशील अध्यापनाची शिबिरं मी बरीच ऐकली आहेत. पोराच्या घरातला पैसा थेट फळ्यावर आणणारा दुसरा मास्तर माझ्या पाहण्यात नाही.

आदर्श शिक्षक पुरस्कार त्याला मिळाला नाही. त्यासाठी प्रस्ताव करावा लागतो, फोटोंची फाइल जोडावी लागते. त्याने कधी जोडली नाही. तो संतबिंत नव्हता. नव्या शिक्षणसेवकांना फार बोलायचा, तीन हजारांवर राबणाऱ्या पोरांना तसं बोलणं बरं नव्हे, हे मी त्याला सुनावलंही होतं. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या नियमावर तर आमचं भांडणच. मी म्हणायचो, त्याने पोरं कच्ची राहतात. तो म्हणायचा, "तुझ्या शहरात राहत असतील. माझ्याकडं नापास झालेली पोरगी परत शाळेत येत नाही, तिचं लग्न होतं."

२०२० च्या टाळेबंदीत टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या आणि एप्रिलमध्ये परतल्या, तेव्हा शाळा बंद होत्या. जूननंतर मोबाइलवर शिकवायचे आदेश आले. वस्तीवर रेंज नव्हती. तो मोटारसायकलवर फळा बांधून ओसऱ्या फिरला.

दशक्रियेला त्याचा एक विद्यार्थी बोलला. आज तो स्वतः मुकादम आहे. यंदा माझ्या टोळीत शाळेच्या वयाचं पोर नेणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मला शंका आहे. आता जोडीला लाखाच्या घरात उचल मिळते आणि बारक्याला सांभाळायला कुणी नसेल तर जोडी जागची हलत नाही, हे त्या मुकादमालाही ठाऊक आहे. शाळेवरच्या तरुण शिक्षिकेने मात्र त्याला तिथेच गाठून त्याच्या कोयत्यांची नावं लिहून घेतली.