स्तंभनदोषावरील शस्त्रक्रिया आणि आरोग्यविम्याचा नकार : एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

आरोग्यविम्याच्या करारात कोणता खर्च येतो व कोणता वगळला जातो, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी वर्गीकरणाचा असतो. एखाद्या अवस्थेस ‘रोग’ म्हणावयाचे, ‘उणीव’ म्हणावयाचे की ‘हौस’ म्हणावयाचे, यावर पैसे मिळणे वा न मिळणे अवलंबून राहते. या विधानाची कसोटी पाहण्यास स्तंभनदोषावरील शस्त्रक्रियेइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

समजा, अकोल्यातील पन्नाशीचा एक व्यापारी बारा वर्षांपासून मधुमेही आहे. आठ वर्षांपूर्वी मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख करून त्याने आरोग्यविमा घेतला व हप्ते नियमाने भरले. मधुमेहामुळे रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होऊन त्यास शिश्नाची ताठरता येईनाशी झाली. गोळ्या, निर्वात पंप व इंजेक्शने या उपायांनी गुण आला नाही. तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञाने शिश्नात कृत्रिम दांडे बसविण्याचा, म्हणजे ‘पीनाइल इम्प्लांट’चा, सल्ला दिला. विमा कंपनीकडून एका ओळीचे उत्तर आले : ‘सदर उपचार पॉलिसीच्या कक्षेबाहेर आहे.’ हा गृहस्थ काल्पनिक आहे. परंतु त्याच्यापुढील प्रश्न काल्पनिक नाही. अशा नकाराची कारणे कोणती, त्यांतील कोणती टिकतात व न टिकणाऱ्या नकाराविरुद्ध काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. वैद्यकीय पार्श्वभूमी

समागमास पुरेशी ताठरता न येणे किंवा न टिकणे ही अवस्था दीर्घकाळ ‘नपुंसकत्व’ या एकाच शब्दाखाली लोटली जात असे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ साली भरविलेल्या तज्ज्ञपरिषदेने हा अवमानकारक व संदिग्ध शब्द सोडून ‘स्तंभनदोष’ या अर्थाची संज्ञा वापरावी, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत लैंगिक कार्यदोषांना मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात स्थान देण्यात आले आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहासही अल्प नाही. रशियन शल्यविशारद बोगोराझ याने १९३६ साली बरगडीच्या कूर्चेचा उपयोग केला होता. ब्रँटली स्कॉट व त्याच्या सहकाऱ्यांनी द्रव भरून फुगविता येणारे साधन १९७३ साली प्रसिद्ध केले. वाकविता येणारे सिलिकोनचे दांडे त्याच दशकात प्रचारात आले. आपल्याकडे मुंबईचे तज्ज्ञ डॉ. रूपिन शहा यांनी रचलेला स्वस्त अर्धताठर दांडा ‘शहा प्रोस्थेसिस’ या नावाने परिचित आहे. सिल्डेनाफिल हे औषध १९९८ साली आल्यापासून बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. म्हणूनच आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः अन्य उपाय हरलेल्यांसाठी किंवा ते ज्यांना वर्ज्य आहेत त्यांच्यासाठी सुचविली जाते. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास सिल्डेनाफिल देता येत नाही, हे याचे एक उदाहरण होय.

मधुमेहाखेरीज पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, कटिरास्थिभंग व मेरुरज्जूची इजा ही या दोषाची प्रमुख शारीरिक कारणे आहेत. विदर्भाच्या दृष्टीने आणखी एका कारणाची नोंद अवश्य आहे. या भागात सिकलसेल या रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात काही पुरुषांना तासन्‌तास न ओसरणारी वेदनामय ताठरता येते. ती वेळीच न उतरल्यास आतील ऊती तंतुमय होऊन स्तंभनशक्ती कायमची जाते. असा रुग्ण पुष्कळदा तरुण व अविवाहित असतो. त्याच्या बाबतीत ‘उतारवयातील हौस’ हा आक्षेप किती पोकळ आहे, हे सांगावयास नको.

३. नकाराची कारणे व त्यांची तपासणी

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्यविम्यातील अपवादकलमांचे प्रमाणीकरण केले व प्रत्येक कलमास संकेतांक दिला. हे संकेतांक पॉलिसीच्या कागदांवर आजही आढळतात. नकारपत्रात यांपैकी कोणते कलम उद्धृत केले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

(अ) वंध्यत्व. सतराव्या कलमात संततिनियमन, निर्बीजीकरण, कृत्रिम गर्भधारणा, सरोगसी व निर्बीजीकरण उलटविणे यांचा उल्लेख आहे. परंतु वंध्यत्व म्हणजे अपत्योत्पादनाची अक्षमता, आणि स्तंभनदोष म्हणजे एका अवयवाच्या कार्यातील बिघाड. कृत्रिम दांडा शुक्रजंतू निर्माण करीत नाही की त्यांची संख्या वाढवीत नाही. तेव्हा या कलमाचा आधार घेणे हा संज्ञांचा गोंधळ होय.

(आ) सौंदर्यशस्त्रक्रिया. आठवे कलम रूप पालटण्यासाठी केलेल्या उपचारांचे आहे. शरीराच्या आत बसणाऱ्या व केवळ कार्य पूर्ववत करण्यासाठी असलेल्या साधनास ते लागू पडत नाही. शिवाय अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या कलमातूनच वगळलेली आहे.

(इ) अप्रमाणित उपचार. सोळावे कलम पुरेसा वैद्यकीय पुरावा नसलेल्या उपचारांसाठी आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ प्रचारात असलेल्या शस्त्रक्रियेस ते लावणे सयुक्तिक नाही.

(ई) पूर्वविकार. हे कारण कालमर्यादित आहे. १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या विनियमांनुसार पूर्वविकारासाठीचा प्रतीक्षाकाल अधिकात अधिक तीन वर्षांचा आहे, आणि सलग साठ महिने विमा चालू राहिल्यावर सिद्ध झालेल्या लबाडीखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. उपरिनिर्दिष्ट व्यापाऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही अडथळे संपलेले आहेत.

(उ) अनावश्यक उपचार. ‘यावाचून जीव जात नाही’ असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. तथापि नियामकाच्या प्रमाणित व्याख्येत ‘आजार’ म्हणजे सामान्य शारीरिक कार्यात बिघाड घडविणारी व उपचाराची गरज असलेली अवस्था, असा अर्थ आहे. प्राणसंकटाची अट तीत नाही. मोतीबिंदूने वा झिजलेल्या गुडघ्याने माणूस मरत नाही. तरी त्या शस्त्रक्रियांचा खर्च विमा कंपन्या देतात. एका अवयवाच्या कार्यास जो न्याय, तो दुसऱ्यास का नसावा, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात मिळत नाही. ते संकोचात मिळते.

(ऊ) स्तंभनदोषाचा स्पष्ट अपवाद. काही पॉलिसींत लैंगिक कार्यदोषांवरील उपचार नाव घेऊन वगळलेले असतात. असा अपवाद २०१९ च्या प्रमाणित कलमांत नव्हता. पण ‘घालता येणार नाहीत’ अशा अपवादांच्या यादीतही तो नव्हता. त्या यादीने मानसिक आजार, आनुवंशिक विकार, तसेच यौवनारंभ व रजोनिवृत्तीशी निगडित विकार यांना संरक्षण दिले. स्तंभनदोषाला दिले नाही. असे स्पष्ट कलम असल्यास दावेदाराची बाजू दुबळी ठरते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही मूळ कारण अपघात, कर्करोग वा सिकलसेलसारखा आनुवंशिक विकार असेल, तर कंपनी मूळ रोग स्वीकारून त्याचा परिणाम नाकारीत आहे, हा मुद्दा मांडण्याजोगा आहे.

४. न्यायालयीन तत्त्वे

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली काही तत्त्वे उपयुक्त आहेत. अपवादकलम लागू पडते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो आणि संदिग्ध शब्दाचा अर्थ विमेदाराच्या बाजूने लावावयाचा असतो, असे ईशरदास मदनलाल प्रकरणात २००७ साली सांगण्यात आले. नकारपत्रात न दिलेले कारण कंपनीस पुढे उपस्थित करता येत नाही, हे सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ साली स्पष्ट झाले. मनमोहन नंदा प्रकरणात २०२१ साली, मधुमेह जाहीर केलेल्या विमेदाराचा दावा स्टॅटिन औषधाचा उल्लेख नव्हता म्हणून नाकारणे अयोग्य ठरविण्यात आले. यांवरून नकारपत्राचे महत्त्व ध्यानात येते. कंपनीने त्यात जे कारण लिहिले, त्याच कारणाशी ती बांधली जाते.

५. दाद मागण्याचा क्रम

ही शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असते व तीत नैसर्गिक स्तंभन-ऊतींची हानी होत असल्यामुळे पुढे पूर्वस्थितीवर येता येत नाही. यास्तव कंपनीचे मत शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी मागवावे. रोखविरहित सोय नाकारली म्हणजे दावाच नाकारला असे होत नाही. स्वतः खर्च करून भरपाई मागण्याचा मार्ग खुला राहतो. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा समीक्षा समितीच्या संमतीवाचून कोणताही दावा नाकारता येत नाही आणि नकारात पॉलिसीची विशिष्ट अट नमूद करावी लागते. ‘कक्षेबाहेर’ एवढे मोघम उत्तर आल्यास ती अट लेखी मागावी.

वैद्यकीय पुराव्यात कारणाचे निदान, डॉप्लर व रक्ततपासण्या, तसेच आधीचे उपाय कोणते, किती काळ केले व का फसले, याचा क्रमवार वृत्तांत असावा. तज्ज्ञाच्या पत्रात ‘आजार’ व ‘आवश्यक उपचार’ या करारातील संज्ञांनाच उत्तर दिलेले असावे. पुष्कळ पत्रांत रोगाचे वर्णन उत्तम असते, पण करारातील प्रश्नास उत्तरच नसते.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. अकोला जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यास आहे. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. शुल्क नाही, वकिलास प्रवेश नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर सुनावणी दृक्‌श्राव्य साधनाने होऊ शकते. ज्यास आपली व्यथा गावात उघड होण्याची धास्ती वाटते, त्याच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. पन्नास लाख रुपयांपर्यंतचा निवाडा लोकपाल देऊ शकतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो व तीस दिवसांत न पाळल्यास दररोज पाच हजार रुपये दंड आहे. विमेदारास निवाडा मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. मात्र आयोगात प्रकरण आधीच दाखल असल्यास लोकपाल ते घेत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्याच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते. शुल्क भरलेल्या हप्त्याच्या रकमेवरून ठरत असून पाच लाखांपर्यंत ते लागत नाही.

शासकीय योजनेचे तत्त्व मात्र भिन्न आहे. २०१२ साली अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना उपचारांच्या निश्चित यादीवर उभी आहे. खाजगी करारात जे वगळले नाही ते समाविष्ट असते. योजनेत जे यादीत नाही ते वगळलेले असते. तेथे वाद कलमाच्या अर्थाचा नसून यादीच्या रचनेचा आहे.

६. समारोप

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बचाव करूनही निकाल कर्व्यांच्या विरुद्ध लागला. ज्या समाजात अशी शंका विचारणे हाच दोष मानला गेला, तेथे विम्याच्या नकाराविरुद्ध तक्रार करण्यास माणूस धजत नाही, यात नवल नाही. ‘नामर्द’ या शब्दाने आपली भाषा रोगी व भित्रा यांना एकाच तागडीत तोलते. परिणामी न टिकणारा नकारही तसाच टिकून राहतो. कारण त्यास कोणी आव्हान देत नाही.

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. जेथे नकार वंध्यत्व, सौंदर्य, अप्रमाणित उपचार वा अनावश्यकता यांवर आधारलेला आहे, तेथे तो शब्दार्थाच्या कसोटीवर सामान्यतः टिकत नाही व दाद मागणे योग्य ठरते. जेथे स्तंभनदोष नाव घेऊन वगळला आहे, तेथे एकट्या विमेदाराची तक्रार पुरेशी नाही. रजोनिवृत्तीच्या विकारांना जे संरक्षण मिळाले, ते यालाही मिळावे अशी मागणी नियामकाकडे झाली पाहिजे. पहिले काम रुग्णाचे व त्याच्या वैद्याचे आहे. दुसऱ्या कामासाठी लागणारी साधार मांडणी करणे, हे विद्यापीठीय अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.