बादलीभर भरती

माझ्या समुद्री टाकीत सगळ्यात आधी गेली ती दादरच्या बाजारातून आणलेली एक कोळंबी. डोक्यासकट, कवचासकट. टाकीत तेव्हा खारं पाणी होतं, बोटभर वाळू, सात-आठ खडक आणि पाणी फिरवणारा पंप. शेजारची पोरं काचेला नाक लावून उभी राहायची आणि त्यांना दिसायची ती तळाशी पडलेली, दिवसेंदिवस पांढरी होत चाललेली कोळंबी. चौथ्या दिवशी मी परीक्षानळीत थोडं पाणी घेतलं, रसायनाचे थेंब टाकले आणि नळी गर्द हिरवी झाली. अमोनिया! मला हवा होता तो हाच.

घरी समुद्री मासे ठेवायचे असतील, तर आधी हा हिरवा रंग समजून घ्यायला हवा.

ही हौस मुंबईच्या अनेक घरांत आली ती तारापोरवाला मत्स्यालयातून. मरिन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनजवळ १९५१ साली ते उघडलं. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूरांच्या देणगीवरून त्याला हे नाव मिळालं. गिरगाव-दादरच्या, लालबाग-परळच्या कितीतरी मुलांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या काचेमागे. इमारत जीर्ण झाल्यावर मत्स्यालय बंद झालं, पण मनातली इच्छा काही जात नाही. मग गप्पी आणि गोल्डफिश पाळून हात बसलेला माणूस एक दिवस मिठाची पिशवी आणतो, दुसऱ्या दिवशी मासा आणतो आणि आठवड्याभरात मासा मरतो. मिठाचं प्रमाण बरोबर असतं. घाई नडलेली असते.

हिरव्याचं पिवळं होताना

मासा शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य, विष्ठा, माझी ती कोळंबी, हे सगळं कुजतानाही अमोनियाच तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. कोणतं किती, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच एकाने चढला की विषारी रूप जवळजवळ दहापट होतं. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच साधारण सातच्या आसपास असतो, समुद्राच्या पाण्यात आठच्या वर. म्हणून जेवढ्या अमोनियात गोल्डफिश तग धरतो, तेवढ्यातच समुद्री मासा तडफडायला लागतो.

हा अमोनिया संपवणारे सूक्ष्मजीव निसर्गातच आहेत. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही दोन पायऱ्यांची साखळी सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास उलगडली. मत्स्यालयांमध्ये दुसरी पायरी मुख्यतः नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू पार पाडतात, हे कळायला मात्र १९९८ साल उजाडलं. हे जीव खडकांवर, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर पातळ थर करून राहतात. अमोनियातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, त्यात शरीर घडवायला लागणारा कार्बनही ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. त्यामुळे त्यांची वाढ फार सावकाश होते. मुंबईच्या उकाड्यात दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. पुरेशी संख्या जमायला चार ते सहा आठवडे जातात. हौशी लोक याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात.

माझ्या वहीत त्या दिवसांची नोंद आहे. अकराव्या दिवशी हिरवा रंग फिका झाला आणि नायट्राइटची नळी जांभळी. तिसऱ्या आठवड्यात अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. जांभळा रंग मात्र हटेना. तेहतिसाव्या दिवशी तोही गेला. टाकीत तोवर एकही मासा नव्हता, पण शेजारची पोरं म्हणत होती तशी ती रिकामीही नव्हती.

हाजी अलीचं डबकं

समुद्राला हा सगळा खटाटोप करावा लागत नाही, कारण तो अफाट आहे. पण थोडंसं पाणी एकटं पडलं की काय होतं, ते बघायला अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला हाजी अली किंवा ब्रीच कँडीच्या खडकांवर जावं. उधाणाच्या दिवसांत मुंबईचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. पाणी मागे सरलं की खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात आणि त्यांत समुद्रफुलं, शंख, खेकडे, स्पंज, कधी एखादा छोटा ऑक्टोपस. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७पासून किनाऱ्यावरच्या फेऱ्यांमधून हे जग मुंबईकरांना दाखवलं.

अशा डबक्यात दुपारी बोट घालून पाहा, पाणी कोमट लागतं. ऊन पडलं की ते तापतं, वाफ होऊन खारट होतं, त्यातला ऑक्सिजन घटतो. जोराची सर आली की तेच पाणी गोडसर होतं. डबक्यातले जीव हे सोसतात, कारण काही तासांत भरती येते आणि सगळं पुन्हा जागेवर आणते. घरातली टाकी म्हणजे असंच एक डबकं. फरक एवढाच, की तिथे भरती आपणच आणायची असते.

दीडशे लिटरचा हिशेब

नवख्याने छोटी टाकी घेऊ नये. पाणी जितकं कमी तितके बदल झपाट्याने होतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी घेतली, तर खडक-वाळूची जागा सोडून साधारण दीडशे लिटर पाणी मावतं. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे त्याला सव्वापाच किलो मीठ लागतं. हे मीठ स्वयंपाकघरातलं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच सांभाळणारे क्षार असलेलं खास समुद्री मीठच हवं. गिरगाव चौपाटीवरून पाणी भरून आणण्याचा मोह होतो, पण शहराच्या सांडपाण्याने आणि पावसाळी नाल्यांनी ते बिघडलेलं असतं. आरओचं पाणी घ्यावं, त्यात मीठ विरघळवावं, रात्रभर पंपाने ढवळावं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर तपासावं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की जमलं.

रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. दिवसाला तीन लिटर उडालं आणि पाच दिवस लक्ष दिलं नाही, तर खारटपणा ३५वरून ३९च्या जवळ जातो. समुद्री माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं, म्हणून तो सतत समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. पाणी अचानक खारट होणं म्हणजे या कष्टांत आणखी भर. म्हणून उडालेल्या पाण्याची जागा साध्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही.

उन्हाळा ही मुंबईतली मोठी परीक्षा. टाकीला २५ ते २७ अंश सेल्सियस मानवतं, मे महिन्यात खोली सहज ३२च्या पुढे जाते. खाऱ्या पाण्यात आधीच गोड्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी ऑक्सिजन मावतो आणि पाणी तापलं की तो आणखी घटतो. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण आपल्या दमट हवेत त्यालाही मर्यादा आहे. चिलरचा खर्च सुरुवातीलाच धरावा. बॅटरीवरचा एअर पंपही घरात असावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज तासन् तास गेली, तेव्हा त्याचं महत्त्व पटलं.

आणि वजन! पाणी, काच, खडक, स्टँड मिळून सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं, तेही जेमतेम साडेचार चौरस फुटांवर. गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या चाळीत राहत असाल, तर टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवा आणि त्याआधी जाणकाराला जागा दाखवा.

काय आणायचं, काय नाही

‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने, १८५४च्या पुस्तकातून. पुस्तकाने वेड लावलं आणि लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. इंग्लंडमधली खडकांतली डबकी कशी ओरबाडली गेली, याबद्दल गॉसच्याच मुलाने पुढे खेदाने लिहिलं.

आपल्या किनाऱ्याचं तसं होऊ नये. हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळ वसाहती २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी दुसरीकडे हलवाव्या लागल्या, इतकं ते जग नाजूक आहे. कठीण प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. दुकानात समुद्रातून काढलेला प्रवाळी खडक दिसला तरी घेऊ नका. सच्छिद्र सिरॅमिकच्या खडकावरही जिवाणू तेवढेच आनंदाने राहतात.

मासा निवडताना तो समुद्रातून पकडलेला की पैदास केंद्रातला, हे विचारा. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे पैदाशीचे असतात, समुद्री माशांत हे अजून थोड्याच जातींना साधलं आहे. क्लाउनफिश त्यांतला. त्याच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांची पैदास सुरू झाली. केंद्रात वाढलेला क्लाउनफिश काटक असतो, कोरडं खाद्य खातो आणि समुद्रफुलाशिवायही मजेत राहतो. छोटी जोडी आणली, तर त्यातला मोठा पुढे मादी होतो, कारण हे मासे आधी नर म्हणूनच वाढतात.

माझ्या टाकीत आता अशी एक जोडी आहे. रविवारी सकाळी मी टाकीतलं पंधरा लिटर पाणी काढतो आणि आदल्या रात्री मुरवलेली, अर्धा किलो मिठाची बादली सावकाश ओततो. जिवाणूंनी आठवडाभर साठवलेलं नायट्रेट बाहेर जातं, ताजे क्षार आत येतात. पाणी पडायला लागलं की दोघंही धारेखाली येऊन उलटसुलट पोहतात. पोरं अजूनही काचेला नाक लावून बघतात, पण आता बादली धरायला त्यांच्यात भांडण लागतं.