ढेकरावरचा कर

कोपनहेगन : गाईच्या ढेकरावर कर बसणार, असं गावाकडे फोनवर सांगितलं की पलीकडून आधी हसूच ऐकू येतं. इथे मात्र संसदेतल्या बहुमताच्या पक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. गाय-बैलांच्या पोटात चारा आंबतो, मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो आणि बहुतेक ढेकरावाटे बाहेर पडतो. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाख, पण निम्म्याहून अधिक जमीन शेतीखाली. गोठे वगळून प्रदूषणाचा हिशोब जुळणारच नव्हता.

दर २०३० पासून कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात मोजलेल्या उत्सर्जनाच्या टनामागे ३०० क्रोनर, २०३५ पासून ७५०. खरी गोम सवलतीत आहे. त्या त्या जातीच्या जनावराचं सरासरी उत्सर्जन धरून त्यातल्या ६० टक्क्यांवर कर माफ. म्हणजे साधारण शेतकऱ्याला आधी १२० आणि पुढे ३०० क्रोनरच पडतील. खाद्य आणि शेण-मुताची व्यवस्था सुधारणाऱ्याला त्याहूनही कमी. सुरुवातीची वसुली शेतीच्याच बदलासाठी परत द्यायची. हे ठरवायला शेतकरी संघटना, निसर्गरक्षक आणि कामगार संघटना सरकारसोबत एकाच टेबलाशी बसल्या होत्या. ज्या देशात १८८२ मध्येच शेतकऱ्यांनी सहकारी डेअरी काढली, तिथे हे जमतं. न्यूझीलंडमध्ये २०२२ साली असाच कर मांडला, तर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले; २०२५ मध्ये सरकारनं तो बेतच सोडला.

सगळ्यांनी बसून जनावरांबाबत ठरवणं म्हटलं की मला यात महाराष्ट्रातलं हिवरे बाजार गाव दिसतं. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, त्यानंतर गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली. मिथेनचं नावही तेव्हा कुणी काढलं नव्हतं. प्रश्न उघड्या डोंगराचा आणि आटलेल्या विहिरींचा होता. बंदीची झळ आधी शेळ्यांना बसली. पण गावानं जनावरं डोंगरावरून खाली आणली, तेव्हा गवत कापून न्यायची मुभा ठेवली. चारा वाढला आणि रोजचं दूध दीडशे लिटरच्या आसपासवरून हजारोंवर गेलं. दावणीला चांगला चारा मिळाला की लिटरमागे मिथेनही कमी होतो, हे फुकटात पदरी पडलं.

डेन्मार्कचा कर मात्र तिथे चालायचा नाही. इथला सरासरी दुधाचा गोठा दोनशेहून अधिक गाईंचा, सारं संगणकात नोंदलेलं. दोन-चार जनावरं बांधणाऱ्या घराकडून टनावारी वसुली कोण करणार? भारत २०२१ मध्ये ग्लासगोत मिथेन कपातीच्या जागतिक प्रतिज्ञेपासून दूर राहिला, ते मला तरी गैर वाटत नाही.

२०२५ मध्ये इथली कुरबूर कराची नव्हतीच. पन्नासहून अधिक गाई असलेल्या गोठ्यांना मिथेन घटवणारी भुकटी किंवा जादा चरबी खाद्यात घालणं सक्तीचं झालं. त्या शरदात अनेकांनी गाई मलूल पडल्याच्या, दूध घटल्याच्या तक्रारी केल्या. काहींनी भुकटी थांबवली. तेव्हा गोठ्यात गेलं की विषय निघायचा तो याच भुकटीचा.