कोड आणि थायरॉइड : शंका सोडा, रक्त तपासा

आपली मुले-मुली शिकली, नोकरीला लागली, विहारात येऊ-जाऊ लागली. परंतु अंगावर एखादा पांढरा डाग दिसला की शिकलेल्या घरातही कुजबुज सुरू होते. मुलगी असेल तर आलेले स्थळ परत जाते. कोणी पूर्वजन्मीचे पाप काढतो, कोणी अंगारा आणून देतो, कोणी मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याचा दोष देतो. या गडबडीत एक साधी, उपयोगाची गोष्ट मात्र राहून जाते. ती म्हणजे थायरॉइडची तपासणी. कोड आणि थायरॉइड यांचा संबंध काय, तो सोप्या भाषेत समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोडाला जुने लोक श्वेतकुष्ठ म्हणत. या एका शब्दाने पिढ्यान् पिढ्या नुकसान केले, कारण कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि तो जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढला. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा बधिर असतो. कोडाच्या डागावर स्पर्श, टोचणी, ऊन-गार सर्व काही कळते. कोडाचा जंतू नाही, म्हणून तो शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा लग्न केल्याने लागत नाही. आणि कुष्ठरोगाचे तरी भय कशाला? तोही आज औषधाने पूर्ण बरा होतो व ते औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आले. कायदा बदलला, आता मने बदलायची आहेत.

मग कोड होते कशामुळे? आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षण यंत्रणा असते. बँकेत जशी चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतात, तशी ही यंत्रणा प्रत्येक पेशी आपली की परकी हे ताडून पाहते. कधी कधी या तपासणीत चूक होते. खऱ्या खातेदाराची सही खोटी ठरते आणि शरीर आपल्याच पेशींवर हल्ला चढवते. असा हल्ला रंगपेशींवर झाला की तिथली त्वचा पांढरी पडते. जगात साधारणपणे शंभरांत एकाला, फार तर दोघांना कोड असते. गोरा-काळा, स्त्री-पुरुष, जात-धर्म असा भेद हा आजार करत नाही.

आता थायरॉइडकडे वळू. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिच्यातून निघणारा रस शरीराच्या सर्व कामांचा वेग ठरवतो. हा रस कमी पडला तर थकवा येतो, वजन वाढते, थंडी सहन होत नाही, बद्धकोष्ठ होते, केस गळतात, स्त्रियांची पाळी बिघडते. जास्त झाला तर छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, खाऊनही वजन घटते. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली या ग्रंथीच्या एका आजाराचे वर्णन केले. पुढे कळले की त्यातही शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करत असते.

दोन्ही आजारांचा धागा इथेच जुळतो. त्वचा वेगळी, ग्रंथी वेगळी, पण चूक करणारी यंत्रणा एकच. ज्या आनुवंशिक गुणांमुळे ही चूक होऊ शकते, त्यांतले काही दोन्ही आजारांत समान आढळले आहेत. २०१२ साली अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात कोड असलेल्या शंभर जणांत सुमारे पंधरा जणांना थायरॉइडचा आजार आढळला. बहुतेक वेळा आधी डाग येतो आणि थायरॉइड मागाहून बिघडतो. म्हणजे डाग हा लपवण्याचा कलंक नसून वेळीच मिळालेली सूचना आहे. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. कोड असलेल्या बहुसंख्य लोकांचा थायरॉइड ठीक असतो. तसेच थायरॉइडची गोळी घेतल्याने डाग जातात असेही नाही. दोन्हींवर वेगवेगळे उपचार करावे लागतात.

यासाठी करायचे काय? कोड असेल तर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने टी.एस.एच. ही रक्त तपासणी करून घ्यावी. डॉक्टर सांगतील तर थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची तपासणीही करावी. स्त्रियांनी अधिक दक्ष राहावे, कारण थायरॉइडचे आजार त्यांच्यात कितीतरी जास्त आढळतात. गरोदरपणी दुर्लक्ष झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी घ्यावी व बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. कोडावर मलमे आहेत, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार आहे, डाग वाढायचे थांबले असतील तर त्वचारोपण आहे. गुण यायला महिने लागतात, सर्वांना सारखा येत नाही. मासे, दूध, आंबट सोडून काही साधत नाही, फक्त पोषण कमी होते. आणि लग्नाविषयी बोलायचे तर, कोड असलेल्या व्यक्तीच्या मुलांना थोडा जास्त धोका असतो, पण बहुतेकांना कोड होत नाही.

शेवटी धम्माविषयी. रोग म्हणजे पूर्वकर्माचे फळ, हे बुद्धाने सरसकट मान्य केले नव्हते. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक नेमके हेच विचारतो. बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेदनेची अनेक कारणे सांगतात आणि सारे काही पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांचे म्हणणे चूक ठरवतात. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याच्या धम्मदीक्षेला जागा दिली. राजगृहात जो लोकांच्या तिरस्काराचा विषय होता, तोच बुद्धाच्या सभेत उपदेशास पात्र ठरला. कुष्ठरोग्याला जवळ करणारा धम्म आपला असताना, ज्याचा संसर्गच होत नाही अशा डागासाठी आपण आपल्याच मुलीला दूर ठेवावे काय?

विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की वर्गातल्या अशा मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसा. पालकांनी अंगाऱ्यावर होणारा खर्च रक्त तपासणीवर करावा. कारण शोधणे आणि ते दूर करणे, हीच तथागतांची शिकवण आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!