मागची चाके सुतात आहेत काय?

मोटार वळते ती पुढच्या चाकांनी. म्हणून चाकांची जुळणी, कारागिरांच्या भाषेत ‘अलाइनमेंट’, ही पुढच्या चाकांपुरतीच बाब होय, असा समज रूढ आहे. परंतु गाडी कोणत्या रेषेत धावणार हे मागची चाके ठरवितात. ती किंचित उजवीकडे रोखलेली असली, तर गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकू लागतो आणि सरळ जाण्यासाठी चालकास स्टिअरिंगही सतत उजवीकडे धरावे लागते. गाडी खेकड्याप्रमाणे तिरपी चालते. पुढील व मागील चाकांत २.४ मीटर अंतर असेल, तर अवघ्या १ अंशाच्या तिरपेपणाने मागच्या चाकांच्या खुणा सुमारे ४२ मिलिमीटर बाजूस पडतात.

दोन्ही चाके सारखीच आत वा बाहेर रोखलेली असली, तर गाडी सरळ चालते खरी. झिजतात ते टायर. १ अंश ढळलेले चाक दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे फरफटत असते! त्यातून मागची चाके पुढच्या कडेस बाहेर फाकलेली असतील, तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून बहुतेक गाड्यांत ती किंचित आत वळलेली ठेवतात.

२०१४ पर्यंत बनत असलेल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये मागचा अखंड आस कमानपाट्यांवर बसविलेला असे. तेथे पाट्यांचा मधला बोल्ट तुटला की आस जागचा सरके. तो पूर्ववत बसविणे हाच उपाय. आजच्या अनेक लहान गाड्यांत मागची चाके एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. त्यांत फिरविण्याजोगा बोल्ट बहुधा नसतो. चाकाचा तुंबा आणि तुळई यांच्यामध्ये पाचरीसारखी पातळ चकती घालून कोन साधतात. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलणाऱ्या गाड्यांत मात्र बऱ्याचदा एक विकेंद्री बोल्ट असतो. तो फिरविला की चाक धरणारी भुजा आत-बाहेर सरकते.

मोजणीपूर्वी टायरांतील हवा सारखी करावी आणि रबरी बुश व बेअरिंग ढिले नाहीत ना, हे पाहावे; ढिल्या सांध्यावर घेतलेले माप टिकत नाही. जुने कारागीर गाडीच्या दोन्ही बाजूंस, मध्यरेषेशी समांतर, दोरे ताणून रिमच्या पुढील व मागील कडांचे अंतर मोजत. ३५६ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.१६ अंश.

मागची चाके सुतात आली, की मगच पुढची जुळवावीत. क्रम उलटा केल्यास पुढची जुळणी पुन्हा करावी लागते.