वितरण : शब्द एक, अर्थ अनेक

कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला की 'वह्या वाटप', 'गणवेश वाटप', 'शिष्यवृत्ती वितरण', 'पारितोषिक वितरण' हे शब्द हटकून भेटतात. आपल्या समाजातील कल्याणकारी संस्थाही त्याला अपवाद नाहीत. हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांच्या पोटात काय आहे, याचा विचार सहसा होत नाही. विद्यार्थ्यांना तर हाच शब्द गणितात एका अर्थाने आणि अर्थशास्त्रात व नागरिकशास्त्रात दुसऱ्याच अर्थाने भेटतो. म्हणून या शब्दाची थोडी उकल करण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्दाचे कूळ

मराठीतला रोजचा शब्द म्हणजे 'वाटणे'. त्यापासून वाटा, वाटणी, वाटप, वाटेकरी असे शब्द झाले. मात्र प्रत्येकाचा रंग निराळा आहे. 'वाटणी' म्हटले की भाऊ आणि जमीन डोळ्यांपुढे येते. 'वाटप' म्हटले की एक देणारा आणि पुढे घेणाऱ्यांची रांग दिसते. 'वाटा' या शब्दात मात्र हक्क आहे. वाटेकरी हा कधीच याचक नसतो.

'वितरण' हा शब्द संस्कृतातील 'तृ' या धातूपासून आला. तरणे, तारणे हे शब्दही त्याच धातूचे. पार नेणे, पोचविणे हा भाव त्यात आहे. म्हणूनच आपण वीज वितरण, वृत्तपत्र वितरण असे म्हणतो. जे एका ठिकाणी साठले आहे ते जिथे हवे तिथे पोचले, तरच वितरण झाले.

पालीतही असाच शब्दसमूह आहे. भाग, विभाग, संविभाग हे त्यातले शब्द आपल्याला परके वाटणार नाहीत. 'दान' या शब्दाच्या जोडीने 'संविभाग' हा शब्द पाली वाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. संविभाग म्हणजे आपल्याजवळचे दुसऱ्याबरोबर वाटून घेणे. एकोपा टिकविणारे जे सहा सारणीय धम्म भगवान बुद्धांनी सांगितले, त्यांत धम्माने मिळालेले, अगदी भिक्षापात्रात पडलेले अन्नसुद्धा, सहचाऱ्यांबरोबर वाटून घेणे हा एक आहे.

दान आणि वितरण

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दान करणारा स्वतःचे देतो. वितरण करणारा जे सर्वांचे आहे ते सर्वांपर्यंत पोचवितो. संस्थेच्या पैशातून घेतलेली वही विद्यार्थ्याच्या हाती देणारा कार्यकर्ता दाता नसतो. तो सभासदांचा विश्वस्त असतो. हा भेद विसरला की देणाऱ्याची मान ताठ होते आणि घेणाऱ्याची खाली जाते.

भिक्खू संघापुढे हा प्रश्न फार लवकर आला. संघाला मिळालेली चीवरे कोणी व कशी वाटायची? विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात याचे तपशीलवार नियम आहेत. चीवरे स्वीकारणारा, ती जपून ठेवणारा आणि ती वाटणारा अशी निरनिराळी कामे संघाच्या संमतीने निरनिराळ्या नियुक्त्यांद्वारे सोपवीत. वाटणाऱ्याला 'चीवरभाजक' म्हणत. अंकगणितातला आपला 'भाजक' तो हाच!

या भाजकाच्या अंगी पाच गोष्टी हव्यात, असे विनय सांगतो. त्याने आवडीनिवडीने वागू नये, द्वेषाने वागू नये, मोहाने म्हणजे अज्ञानाने वागू नये आणि भयाने वागू नये. पाचवी गोष्ट अशी की काय वाटले गेले आणि काय वाटायचे राहिले, हे त्याला ठाऊक असावे. चार गोष्टी मनाच्या आहेत आणि एक हिशेबाची. 'वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावे' असे आपल्याकडे लोक गमतीने म्हणतात. विनयाच्या नियमांनी नेमक्या याच ओळखीला मज्जाव केला. वाटे करताना कमीजास्त होऊन कोणाचे मन दुखू नये, म्हणून कुशाच्या काड्या टाकून वाटे ठरविण्याचीही सोय होती. आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, असाही नियम होता. वितरणात समानतेबरोबर सेवेचाही विचार होतो, तो असा.

माप कोणाच्या हाती?

आता आपल्या गावगाड्याकडे पाहू. सुगीच्या वेळी शेतकऱ्याने गावकामगारांना धान्याचा वाटा द्यायचा, ही बलुत्याची पद्धत. नाव वाट्याचे, पण काम जन्मावरून ठरलेले आणि माप देणाऱ्याच्या हाती. महार वतनदाराने सरकारचे व गावाचे काम रात्रंदिवस करायचे आणि मोबदल्यासाठी मात्र इतरांच्या मर्जीवर अवलंबून राहायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते या गुलामीवर घाव घालण्यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. ज्याच्या हाती माप नाही, त्याच्या वाट्याची भीक होते, हा बलुत्याचा धडा आहे.

रेशन दुकानाच्या पाटीवरचा 'सार्वजनिक वितरण' हा शब्द याच कसोटीवर पाहावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला. माप कायद्यात लिहिले गेले, म्हणून ते मागताना मान खाली घालण्याचे कारण उरले नाही.

सर्वच वाटायचे नसते

वितरण म्हणजे तुकडे करणे, असा एक गैरसमज आहे. विनयातच सांगितले आहे की विहार, आराम, त्यांची जमीन, मंचक, धातूची मोठी भांडी यांसारख्या वस्तू कोणी देऊन टाकू नयेत आणि वाटूनही घेऊ नयेत. त्या चारी दिशांच्या, आलेल्या व येणाऱ्या, संघाच्या आहेत. चीवर वाटले तर सर्वांना मिळते. विहार वाटला तर कोणालाच मिळत नाही.

बाबासाहेबांच्या अर्थविचारातही ही दृष्टी दिसते. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की केवळ तुकडे जोडून प्रश्न सुटत नाही. जमिनीवरचा माणसांचा भार कमी करायला उद्योग वाढले पाहिजेत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती जात-धर्माचा भेद न करता सामुदायिकपणे कसावी, अशी योजना मांडली. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथही केंद्र व प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटपाचाच अभ्यास आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीच्या मालकीचे व नियंत्रणाचे वितरण सर्वांचे हित साधेल असे व्हावे, हे तत्त्व आहे. येथे 'वितरण' म्हणजे काय? १९७७ साली कर्नाटकातील खासगी बसगाड्या सरकारने ताब्यात घेतल्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी राष्ट्रीयीकरण हाही वितरणाचाच प्रकार मानला. बस कोणी कापून वाटत नाही, ती सर्वांसाठी धावली की वितरण झाले! मुंबईच्या जुन्या इमारतींवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरविले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. पण 'वितरण' या शब्दाचा व्यापक अर्थ बहुमताने कायम ठेवला.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

संख्याशास्त्रातील 'वारंवारता वितरण' म्हणजे कोणती किंमत किती वेळा आली याची मांडणी. समजा, दहा घरांच्या वस्तीत नऊ घरांची मासिक मिळकत प्रत्येकी १० हजार रुपये आणि दहाव्याची १ लाख १० हजार आहे. सरासरी येते २० हजार. पण २० हजार मिळविणारे घर त्या वस्तीत एकही नाही! सरासरी जे झाकते ते वितरण उघडे करते. समाजाच्या प्रगतीचे आकडे वाचताना हा फरक विसरू नये.

सारांश, वितरणाचा प्रसंग आला की चार प्रश्न विचारावेत. वस्तू कोणाची आहे? माप कोणी व कसे ठरविले? वाटणारा आवड, द्वेष, अज्ञान आणि भय यांपासून मुक्त आहे काय? आणि ही वस्तू वाटायची आहे, की अखंड ठेवून सर्वांनी वापरायची आहे? वह्या वाटाव्यात, वाचनालय मात्र अखंड ठेवावे आणि दोन्हींचा हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवावा. असे झाले तर संस्थेच्या दारी येणारा विद्यार्थी वाटेकरी म्हणून येईल आणि उद्या तोच चांगला भाजक होईल, असा आम्हांस विश्वास वाटतो.