लघुदेखाव्यातील फरसबंदी

लघुदेखाव्यातील फरसबंदी म्हणजे किल्ला, गाव, वाडा, रेल्वेस्थानक किंवा अन्य स्थळाच्या लहान आकारातील त्रिमितीय देखाव्यात रस्ते, अंगणे, चौक, घाट, पायऱ्या व पायवाटा यांचा पृष्ठभाग प्रमाणबद्ध रीतीने साकारणे होय. यासाठी चाळलेली रेती, दगडाची चुरी, विटेची भुकटी, पुठ्ठा, अंड्याचे कवच, पॉलिश पेपर, फोम यांसारखे साहित्य वापरले जाते. साहित्याची निवड प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते : देखाव्याचे प्रमाण, दाखवायचा काळ आणि दाखवायचा प्रदेश. इमारती व माणसे कितीही सुबक असली, तरी जमिनीचा पोत प्रमाणाबाहेर असल्यास संपूर्ण देखावा खेळण्यासारखा दिसतो.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात लघुदेखाव्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे दिवाळीत मुलांनी बांधलेला मातीचा किल्ला. दगड, विटा व गोणपाट यांचा सांगाडा करून त्यावर मातीचा लेप दिला जातो, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते आणि शिवाजी महाराज व मावळ्यांच्या मूर्ती मांडल्या जातात. ही प्रथा पश्चिम महाराष्ट्रात अधिक रूढ आहे. विदर्भात नागपूरसारख्या शहरांतही किल्लेबांधणीच्या स्पर्धा होतात. गणेशोत्सवातील देखावे, महालक्ष्मीपुढील आरास आणि विदर्भातील तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदीबैलांभोवती केली जाणारी सजावट यांतही अंगण, रस्ता किंवा शेत दाखवण्याची गरज पडते. पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. रेल्वेसह संपूर्ण नगराचा देखावा तेथे पाहावयास मिळतो.

प्रमाण आणि कणाचा आकार

लघुदेखाव्याचे प्रमाण गुणोत्तराने सांगतात. बाहुलीघरांसाठी १:१२, लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५, तर लघुरेल्वेसाठी १:८७ आणि १:१६० ही प्रमाणे जगभर प्रचलित आहेत. १:८७ या प्रमाणात देखाव्यातील १ मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातील ८.७ सें.मी. होय. त्यामुळे बांधकामाच्या रेतीतील १ मि.मी. व्यासाचा कण १:१२ प्रमाणात बारीक गिट्टीसारखा दिसत असला, तरी १:८७ प्रमाणात तो मुठीएवढ्या धोंड्यासारखा दिसतो. एकच पदार्थ एका देखाव्यात योग्य व दुसऱ्यात पूर्णपणे अयोग्य ठरतो, तो याच कारणाने.

नेहमीच्या काही घटकांची मापे पुढीलप्रमाणे येतात :

- २० मि.मी. गिट्टी : १:१२ प्रमाणात १.७ मि.मी.; १:३५ प्रमाणात ०.५७ मि.मी.; १:८७ प्रमाणात ०.२३ मि.मी.
- २३० × ११५ मि.मी. वीट : १:१२ प्रमाणात १९.२ × ९.६ मि.मी.; १:३५ प्रमाणात ६.६ × ३.३ मि.मी.; १:८७ प्रमाणात २.६ × १.३ मि.मी.
- दोन फूट बाजूची चौकोनी फरशी : १:१२ प्रमाणात ५०.८ मि.मी.; १:३५ प्रमाणात १७.४ मि.मी.; १:८७ प्रमाणात ७ मि.मी.

किल्ल्यासारख्या देखाव्यात प्रमाण आधी ठरवलेले नसते. मूर्ती बाजारातून आणल्या जातात. अशा वेळी मूर्तीवरून प्रमाण काढता येते. उभ्या मावळ्याची उंची ६ सें.मी. असेल आणि प्रत्यक्ष माणसाची उंची १६८ सें.मी. धरली, तर प्रमाण १:२८ येते. या प्रमाणात २१ सें.मी. उंचीची पायरी ७.५ मि.मी. एवढी करावी लागते. बोटभर उंचीच्या पायऱ्या केल्यास त्या मावळ्याच्या मानाने फारच उंच होतात.

कणाचा आकार मोजण्यासाठी एकसारखे दिसणारे दहा कण मोजपट्टीला लावून एका ओळीत मांडतात आणि एकूण लांबीला दहाने भागतात. बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित चाळण्यांपैकी ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून पडणारे आणि १५० मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारे कण १:८७ प्रमाणात साधारण १३ ते २६ मि.मी. गिट्टीएवढे भरतात. घरगुती कामासाठी रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी आणि मलमलचे कापड यांतून क्रमाने गाळून जाड, मध्यम व बारीक अशी तीन प्रकारची रेती वेगळी करता येते.

काळाशी सुसंगती

फरसबंदीवरून देखाव्यातील काळ ओळखू येतो. फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ता करण्याची जॉन मॅकॅडम यांची पद्धत १८२० च्या सुमारास रूढ होऊ लागली. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व १८२४ मधील आहे. परस्परांत अडकणारे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये प्रचारात आले. म्हणून शिवकालीन किल्ल्याच्या देखाव्यात सिमेंटची गुळगुळीत वाट, डांबरी रस्ता किंवा पेव्हर ब्लॉकची नक्षी दाखवणे कालविसंगत ठरते. तेथे तोडीव दगडाच्या पायऱ्या, ओबडधोबड दगडांची फरसबंदी आणि तुडवून घट्ट झालेली मातीची वाट दाखवणे उचित होय.

जुन्या गावाचा देखावा करताना हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. गावातील घरे अनेकदा टिकून राहतात, परंतु त्यांच्यासमोरची जमीन बदललेली असते. मुरुमाच्या गल्लीवर सिमेंटचा थर पडतो, शेणाने सारवलेल्या अंगणात फरशी बसते. छायाचित्रे सहसा माणसांची व इमारतींची काढली जातात, जमीन त्यांत कडेला राहते. अशा वेळी पूर्वीचे अंगण पाहिलेल्या वृद्धांकडून माहिती घेऊन केलेला प्रमाणबद्ध देखावा स्थानिक इतिहासाची नोंद म्हणूनही उपयोगी पडतो. मात्र त्यात चुकीचा पृष्ठभाग दाखवला गेल्यास पुढील पिढीच्या मनात तीच चूक इतिहास म्हणून रुजते.

प्रदेशाशी सुसंगती

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट या काळ्या दगडाचा आहे. सह्याद्रीतील किल्ल्यांसाठी गडद करडा रंग, कोकणातील घरे व पाखाड्यांसाठी जांभ्याचा तांबूस, सच्छिद्र पोत आवश्यक असतो. शहाबादी फरशी मुळात कर्नाटकातील शहाबाद परिसरातील चुनखडकाची असून ती करडी दिसते. राजस्थानातील कोटा फरशीत हिरवट छटा आढळते. एकाच करड्या रंगाने सर्व फरशा रंगवल्यास हा भेद नाहीसा होतो.

कारंजा (घाडगे) परिसरातील साहित्य

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर आहे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे याहून वेगळे गाव होय. लघुप्रतिकृतींचे तयार साहित्य विकणारी खास दुकाने प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने अशा ठिकाणी साहित्य शोधण्याचा मार्ग वेगळा असतो : बांधकामाची जागा, हार्डवेअरचे दुकान, स्टेशनरीचे दुकान आणि स्वयंपाकघर.

- चुरी : दगड फोडण्याच्या यंत्राखाली गिट्टीबरोबर निघणारा बारीक चुरा. ती बेसाल्टचीच असल्याने तिचा रंग रंगकामाविना योग्य असतो. तिचे कण कोनदार असतात. नदीच्या रेतीचे कण त्यामानाने गोलसर असतात. त्यामुळे फोडलेल्या गिट्टीच्या रस्त्यासाठी चुरी, तर नदीकाठच्या घाटासाठी रेती अधिक योग्य ठरते.
- मुरूम : बेसाल्ट झिजून तयार झालेला तांबूस-पिवळसर मुरूम कुटून व चाळून घेतल्यास कच्च्या रस्त्याचा पृष्ठभाग हुबेहूब साधतो.
- काळी माती : ही माती ओली असताना फुगते व वाळताना आकसून तडकते. म्हणून ती फरसबंदीच्या पायासाठी वापरू नये. उन्हाळ्यातील शेत दाखवताना मात्र तिचा पातळ थर उपयोगी पडतो.
- विटेची भुकटी : फुटक्या विटा व कवेलू कुटून मिळते. मातीच्या वाटा, विटांचे सांधे आणि जुन्या अंगणांसाठी तिचा वापर होतो.
- जुन्या लग्नपत्रिका : जाड कागदाच्या पत्रिका कापून फरशा, विटा व पेव्हर ब्लॉक करता येतात. छापील बाजू खाली ठेवतात.
- अंड्याचे कवच : कोंबडीच्या अंड्याचे कवच साधारण ०.३ ते ०.४ मि.मी. जाड असते. १:८७ प्रमाणात ही जाडी सुमारे ३ सें.मी. भरते, म्हणजे जवळपास खऱ्या फरशीएवढी. कवच धुऊन, आतील पापुद्रा काढून चिकटवतात व बोटाने दाबून तडकवतात. अनियमित आकाराच्या दगडांची फरसबंदी आपोआप तयार होते.
- पॉलिश पेपर : १२० क्रमांकाच्या कागदावरील कण सरासरी ०.१२५ मि.मी. असतात. १:८७ प्रमाणात हे सुमारे ११ मि.मी. होतात व डांबरी रस्त्यावरील बारीक गिट्टीसारखे दिसतात.

याच जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमाच्या कुट्या माती, बांबू व कवेलू अशा स्थानिक साहित्यातून उभारलेल्या आहेत. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले. शालेय प्रदर्शनासाठी या कुट्यांची प्रतिकृती करताना फरशीऐवजी मातीचाच पृष्ठभाग दाखवावा. त्यासाठी वस्त्रगाळ माती पातळ डिंकात कालवून बोटांच्या टोकांनी अर्धगोलाकार फिरवत लावल्यास सारवणाच्या रेषाही उमटतात.

कृती

प्रथम पाया सपाट व कडक असावा लागतो. त्यासाठी प्लायवूड, जाड पुठ्ठा किंवा सनबोर्ड वापरतात. रस्ता मधोमध किंचित उंच ठेवून दोन्ही कडांना उतार दिल्यास तो खऱ्या रस्त्यासारखा दिसतो. त्यानंतर पांढऱ्या डिंकाचा थर देऊन त्यावर चाळलेले कण भुरभुरवतात. वाळल्यावर सुटे कण झटकून समप्रमाणात पाणी मिसळलेला डिंक ड्रॉपरने सोडतात. या मिश्रणात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब घातल्यास पृष्ठताण कमी होऊन ते कणांत मुरते. अन्यथा त्याचे थेंब वरच राहतात आणि कण विस्कटतात.

फरशा व विटा चिकटवताना त्या एकसारख्या पण किंचित असमान छटांत रंगवाव्यात. प्रत्यक्षातील तीन मि.मी.चा सांधा १:८७ प्रमाणात डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून लहान प्रमाणात खरी फट न ठेवता टोकदार पेन्सिलीने रेष दाबणे पुरेसे असते. मोठ्या प्रमाणात सांध्यांत भिंतीची पुट्टी किंवा विटेची भुकटी भरून वरचा भाग ओल्या कापडाने पुसतात.

रंग खऱ्या वस्तूपेक्षा थोडे फिके ठेवावे लागतात. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो. डांबरी रस्ताही शुद्ध काळा न रंगवता करडा रंगवतात. चाकोऱ्या, पाणी साचण्याच्या जागा आणि पायऱ्यांचा झिजलेला मध्यभाग दाखवल्याने पृष्ठभाग वापरातला वाटतो.

मर्यादा व दक्षता

- दगडाची चुरी व काँक्रीटची धूळ यांत सिलिका असू शकते. ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा विकार होतो. चाळण्यापूर्वी साहित्य ओलसर करावे, नाका-तोंडावर मास्क बांधावा आणि हे काम उघड्यावर करावे.
- किल्ले व अन्य संरक्षित स्मारकांतून दगड, विटा किंवा माती आणू नये. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या कायद्याने संरक्षण आहे. स्मारकातील दगड प्रतिकृतीत अधिक खरा दिसत नाही. त्याचा पोत मूळ प्रमाणाचाच राहतो.
- महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोलच्या वापरावर बंदी घातली आहे. त्याऐवजी पुठ्ठा, कागदाचा लगदा, माती किंवा शाडू यांचा वापर करता येतो.
- रवा, पीठ, मसाले यांसारखे खाद्यपदार्थ मातीऐवजी वापरल्यास मुंग्या व बुरशी लागते. कायमस्वरूपी देखाव्यात ते टाळावेत.
- समुद्रकाठची रेती गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन घ्यावी, अन्यथा क्षार पृष्ठभागावर पांढरे उमटतात.

तयार साहित्य

लघुरेल्वे व लष्करी प्रतिकृतींच्या क्षेत्रात छापील विटा-फरशांचे कागद, प्लॅस्टिकचे नक्षीदार पत्रे, लेझरने कापलेले पुठ्ठे आणि त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या फरशा मिळतात. त्यांची मापे अचूक असतात. मात्र त्यांतील नक्षी बहुधा युरोपीय रस्त्यांची असते. घडीव चौकोनी दगडांचा तो रस्ता मराठी गावाच्या देखाव्यात परका दिसतो. म्हणून असे साहित्य घेण्यापूर्वी दाखवायच्या स्थळाची प्रत्यक्ष पाहणी करून दगडाचा आकार, सांध्याची दिशा व रंग टिपून घेणे इष्ट ठरते.